विश्लेषण : तालमीत रोज हार, फडात हजारो डोळे… पैलवानाने मन कसे सांभाळावे?

नांदेड जिल्ह्यातील माळेगावची यात्रा असो वा महाशिवरात्रीला भरणारी लातूरची सिद्धेश्वर यात्रा, कुस्त्यांचा फड लागला की गर्दी ठरलेलीच. जिंकणाऱ्याचा फेटा सर्वांना दिसतो. हरलेला पैलवान कधी निघून गेला, हे कुणाच्या लक्षातही येत नाही. जोर, बैठका, खुराक यांवर तालमीत भरपूर बोलले जाते. मनाच्या तयारीचे काय? मराठवाड्याशी जोडलेल्या दोन लढतींनी हा प्रश्न ठळक केला.

दोन लढतींत काय घडले?

७ जानेवारी २०२० रोजी पुण्यातील बालेवाडीत महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत झाली. नाशिकच्या हर्षवर्धन सदगीरने लातूरच्या शैलेश शेळकेला ३-२ असे हरवले. निकाल लागताच सदगीरने शेळकेला खांद्यावर उचलून घेतले.

२ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगरमध्ये चित्र उलटे होते. गादी विभागाच्या अंतिम लढतीत नांदेडकडून खेळणाऱ्या शिवराज राक्षेविरुद्ध पृथ्वीराज मोहोळला चितपटीचा विजय देण्यात आला. पाठ टेकलीच नव्हती, असा राक्षेचा दावा होता. वाद वाढला आणि त्याने पंचाला लाथ मारली. पाठोपाठ तीन वर्षांची बंदी जाहीर झाली. पंचाचा निर्णय बरोबर की चूक, हा वाद वेगळा. पण रागाच्या काही क्षणांची किंमत मोठी असते, हे त्या दिवशी सर्वांनी पाहिले.

सरावातील हार इतकी जड का जाते?

सांघिक खेळात अपयश वाटले जाते, कुस्तीत ते एकट्याचे असते. त्यातही मागाहून आलेल्या, वयाने लहान पोराने सर्वांसमोर पाडले की ते मनाला लागते. मग काही जण तगड्या जोडीदाराला टाळतात, कमकुवत गडी शोधतात आणि तिथेच प्रगती थांबते.

हा अनुभव केवळ लाल मातीचा नाही. जपानी ज्युदोपटू मित्सुयो माएदा यांच्याकडून ब्राझीलमध्ये पोहोचलेल्या आणि तेथे ग्रेसी कुटुंबाने वाढवलेल्या ‘ब्राझिलियन जिऊ-जित्सू’मध्ये पकडीत अडकलेला खेळाडू हाताने थाप मारून हार मान्य करतो आणि लगेच पुन्हा झोंबी सुरू होते. एका सरावात अशी थाप कितीदा तरी मारावी लागते. सरावातील हार म्हणजे निकाल नव्हे, कुठला डाव कच्चा आहे याची माहिती. हे तिथेही नव्या खेळाडूला शिकावेच लागते.

मित्रच प्रतिस्पर्धी झाला तर?

सदगीर आणि शेळके हे दोघेही काका पवार यांचे शिष्य. पवार हे लातूर जिल्ह्यातील अर्जुन पुरस्कार विजेते मल्ल. जानेवारी २०२३ च्या अंतिम लढतीतील राक्षे आणि महेंद्र गायकवाड हेही त्यांच्याच तालमीतले. एकत्र राहायचे, जेवायचे, रोज एकमेकांशी झटायचे आणि एक दिवस किताबासाठी समोरासमोर उभे राहायचे, हे सोपे नसते. कुस्तीतील जुन्या रीती इथे उपयोगी पडतात. लढतीपूर्वीची सलामी आणि लढतीनंतरची गळाभेट वैर फडातच संपवते. वस्तादाने दोघांना सारखी वागणूक दिली, तर तालमीत गट पडत नाहीत.

घर आणि गावाचे दडपण किती?

दूध, तूप, बदाम यांचा खर्च शेतकरी कुटुंबाला पेलत नाही. त्यासाठी घरचे पोटाला चिमटा घेतात, हे मुलाला माहीत असते. त्यामुळे प्रत्येक हार त्याला कर्जासारखी वाटते. त्यात लातूर-नांदेड म्हणजे शिकवणी वर्गांची शहरे. बरोबरीची मुले ‘नीट’च्या तयारीत असताना ‘कुस्तीत काय ठेवलंय?’ हा प्रश्न टळत नाही. मुलींच्या वाट्याला आणखी अडचणी येतात. सरावाला मुलगी जोडीदार मिळणे कठीण असते आणि कान मोडला तर लग्नाचे कसे, ही काळजी घरच्यांना असते.

अपयशानंतर उभे कसे राहावे?

बीडच्या राहुल आवारेचे उदाहरण बोलके आहे. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकची संधी हुकली. त्याआधी २०११ मध्ये त्याचे गुरू, निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार यांचे निधन झाले होते. राहुलने सराव सोडला नाही. २०१८ मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण आणि २०१९ मध्ये जागतिक स्पर्धेत कांस्यपदक त्याने मिळवले.

काय करता येईल?

• सरावानंतर ‘कोण जिंकले’ यापेक्षा ‘कुठला डाव फसला’ हे वहीत लिहावे.
• आठवड्यातून काही वेळा आपल्यापेक्षा वरचढ जोडीदार मुद्दाम घ्यावा.
• हरल्यावर त्या रात्री मोबाइलवरील प्रतिक्रिया वाचू नयेत. निर्णय पटला नाही, तर दाद वस्तादामार्फत मागावी.
• पालकांनी ‘जिंकलास का?’ऐवजी ‘लागलं तर नाही ना?’ असे आधी विचारावे.
• शिक्षण चालू ठेवावे. दुखापतीने कुस्ती सुटली तरी हाताशी दुसरी वाट राहते.
• झोप उडणे, भूक मरणे, तालमीत जावेसेच न वाटणे असे बरेच दिवस चालले, तर ते आळस समजून दटावू नये. केंद्र सरकारच्या ‘टेलिमानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर २४ तास मोफत सल्ला मिळतो.