डोळ्यांचें दुसरें काम

डोळे कशासाठीं असतात, असें वर्गांत विचारलें तर मुलें एका स्वरांत सांगतील, "पाहण्यासाठीं." उत्तर बरोबर आहे, पण अर्धें आहे. डोळे शरीराला वेळहि सांगतात, आणि हें काम दृष्टीवांचूनहि चालूं शकतें. उत्तराचा हा राहिलेला भाग आज आपणांपुढें मांडावयाचा आहे.

पुष्कळ सजीवांच्या शरीरांत एक घड्याळ असतें. १७२९ सालीं द मेरां या फ्रेंच ज्योतिर्विदानें लाजाळूसारखी एक वनस्पति अंधारांत ठेवून पाहिली. ऊन नसतांनाहि तिचीं पानें दिवसा उघडत आणि रात्रीं मिटत. माणसाचें हें घड्याळ मेंदूच्या तळाशीं, दोन्ही डोळ्यांचे मज्जातंतु एकमेकांस जेथें ओलांडतात त्याच्या अगदीं वर आहे. सुमारें २०,००० पेशींचा हा पुंज झोंप, भूक व शरीराचें तापमान यांच्या वेळा राखतो. मात्र त्याचा दिवस सरासरीनें २४ तासांहून दहाबारा मिनिटें मोठा असतो. म्हणून भिंतीवरील जुन्या घड्याळाप्रमाणें त्यालाहि रोज वेळ लावून द्यावी लागते. ती सूर्यप्रकाश लावून देतो, आणि त्याचा निरोप डोळा पोंचवितो.

हा निरोप कोण नेतो? दृष्टिपटलावर शलाका व शंकु या दोन प्रकारच्या पेशी प्रकाश टिपतात, हें पूर्वींपासून ठाऊक होतें. परंतु अमेरिकेंतील क्लाइड कीलर यांनीं १९२७ सालीं एक नवल नोंदविलें. जन्मतः आंधळ्या उंदरांच्या बाहुल्याहि उजेडांत आकसत होत्या! हें कोडें दीर्घकाळ तसेंच राहिलें. १९९८ सालीं इग्नासिओ प्रोव्हेन्सिओ व त्यांचे सहकारी यांना बेडकाच्या कातडींत मेलानॉप्सिन नांवाचें प्रकाश ओळखणारें द्रव्य सांपडलें. २००० सालीं तें माणसाच्या दृष्टिपटलांतहि मिळालें. २००२ सालीं डेव्हिड बर्सन यांनीं दाखविलें कीं, डोळ्यांतून मेंदूकडे निरोप नेणाऱ्या पेशींपैकीं थोड्या पेशी स्वतःच प्रकाश ओळखतात. मूळचे ओडिशाचे शास्त्रज्ञ सच्चिदानंद पांडा व त्यांचे सहकारी यांनीं २००३ सालीं शेवटची गांठ सोडविली. शलाका व शंकु नष्ट झालेल्या उंदरांना दिवसरात्र कळते. पण त्यांच्यांत मेलानॉप्सिनहि नसेल, तर तें भान पार हरपतें.

या पेशी चित्र पाहत नाहींत. उजेड किती आहे, एवढेंच त्या मोजतात. निळसर प्रकाश त्यांस विशेष चेतवितो. मग तो सकाळच्या आभाळाचा असो कीं मोबाइलच्या पडद्याचा.

यावरून अंधांविषयीं एक महत्त्वाची गोष्ट ध्यानांत येते. ज्यांना उजेडाचा मागमूसहि लागत नाहीं, अशा पुष्कळांची झोंप दिवसेंदिवस पुढें सरकत जाते. तथापि कांहीं अंधांच्या डोळ्यांतील या पेशी शाबूत असतात, आणि त्यांचें घड्याळ उजेडानेंच लागतें. तेव्हां न दिसणाऱ्या डोळ्याला कोणीं निकामी म्हणूं नये, आणि अंध मनुष्याला दिवसभर काळोख्या खोलींत बसवून ठेवूं नये.

आमच्या मिरा-भाईंदरकडे पाहा. मिठागरांत आणि उत्तनच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या माणसें उघड्या आभाळाखालीं राबलीं. आज हजारों लोक काळोखांत लोकल गाठतात, दिवसभर भिंतींआड काम करतात आणि दिवे लागल्यावर परततात. कित्येकांची रात्रपाळी असते. रात्रपाळीच्या कामाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेनें २०१९ सालीं 'बहुधा कर्करोगकारक' म्हटलें आहे. यांत दोष कामगाराचा नव्हे. पोटासाठीं त्याला जागावें लागतें. म्हणून दिवसा त्याच्या खोलींत अंधार आणि घरांत शांतता ठेवणें, हें घरच्यांचें कर्तव्य होय.

माझ्या वयाच्या मंडळींनाहि एक विनंति आहे. उतारवयांत डोळ्यांतील भिंग पिवळसर होतें आणि निळा प्रकाश आंत कमी पोंचतो. त्यांत दाटीच्या इमारतींतील अंधारी खोली! मग दुपारीं डुलकी आणि रात्रीं जागरण, हें ओघानेंच आलें. यास्तव सकाळीं अर्धा तास बाहेर बसावें. पावसाळी दिवशींहि बाहेरचा उजेड घरांतल्या दिव्याहून कित्येक पटींनीं अधिक असतो. सूर्याकडे मात्र टक लावून पाहूं नये. रात्रीं दिवे मंद ठेवावे, आणि नातवंडांच्या हातांतला मोबाइल निजण्यापूर्वीं गोडीनें काढून घ्यावा.

या औषधाला पैसा पडत नाहीं. तें रोज सकाळीं आपल्या दारीं येतें. आपण दार तेवढें उघडावें.