सॅपर म्हणजे कुदळेच की!

नाव मुंबईचं, पत्ता खडकीचा! 'बॉम्बे सॅपर्स' या लष्करी अभियंत्यांच्या गटाचं केंद्र ते हेच, लोकांच्या तोंडी 'बीईजी'. पायदळात जो शिपाई, तो इथे 'सॅपर'. हुद्दा ऐकायला रुबाबदार, पण मूळ शोधलं तर हातात कुदळ.

उत्तरकालीन लॅटिनमध्ये 'साप्पा' म्हणजे कुदळ. इटालियनात तिची 'झाप्पा' झाली (म्हणजे रॉकवाला फ्रँक झॅपा आडनावाने कुदळेच!). फ्रेंचांनी त्यावरून किल्ल्याच्या तटाकडे सरकणाऱ्या खंदकाला 'साप' म्हटलं. हा खंदक नागमोडीच खणत, हा आपला मराठी योगायोग. खणणारा तो सॅपर. सगळ्यात पुढचा गडी गुडघ्यावर बसून जेमतेम दीड फुटी चर खणायचा, माती शत्रूच्या बाजूला ठेवलेल्या टोपल्यांत भरायचा आणि त्यांच्याच आडोशाने पुढे सरकायचा. मागचे चर रुंद करत यायचे.

आपल्याकडे हेच काम बेलदारांचं. फारसीत 'बेल' म्हणजे फावडं. तेव्हा बेलदार हा सॅपरचा मावसभाऊच.

खडकीच्या सॅपर्सनी कुदळीपुढची मजल मारली. कारवारकडचे सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांचंच पाहा. एप्रिल 1948, नौशेरा-राजौरी रस्ता, जागोजागी सुरुंग आणि आडवी पाडलेली झाडं. पहिल्याच दिवशी जखमी झाले, तरी हटले नाहीत. चालत्या रणगाड्याखाली सरपटत सुरुंग काढायचे आणि दोरी ओढून चालकाला इशारा द्यायचा! परमवीरचक्र उगाच नाही मिळत. त्याआधी 1941 मध्ये इथिओपियात सुरुंग काढून व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे प्रेमिंद्र सिंग भगतही बॉम्बे सॅपर्सचेच.

पॅरिसमध्ये सॅपर आग विझवतो. 1810 मध्ये ऑस्ट्रियाच्या राजदूताकडे नेपोलियनच्या लग्नानिमित्त नाचाची मेजवानी होती, तिथे आग लागली. नेपोलियनने दुसऱ्याच वर्षी 'सॅपर-पाँपिए', म्हणजे बंबवाल्या सॅपरांची लष्करी पलटण उभारली. पॅरिसचं अग्निशमन आजही लष्कराकडेच आहे. फ्रेंच फॉरेन लीजनचे सॅपर तर 14 जुलैच्या संचलनात भरघोस दाढी, चामड्याचा एप्रन आणि खांद्यावर कुऱ्हाड अशा थाटात निघतात.

आणि काँगोत? तिथले 'सॅपर' गुलाबी सूट, चकचकीत बूट घालून रस्त्याने मिरवतात. हा 'साप' मात्र वेगळा, कपड्यांसाठीचा फ्रेंच बोलीतला शब्द. यांच्या हाती कुदळ दिलीत तर आधी इस्त्रीचे पैसे मागतील!