कोट, टोपी आणि सत्तावन्न इंच

सुरतेत पर्वत पाटियाच्या एका फ्रेमच्या दुकानात तीन दिवंगत गृहस्थ ओळीनं टांगलेले होते आणि तिघांच्या अंगात एकच कोट होता. निळा, रुंद कॉलरचा, आत मरून टाय. चेहरे तीन, मानेखालचा माणूस एक. त्या कोटापायी मी दुकानात शिरलो.

फ्रेमवाला दोंडाईच्याचा. लिंबायत, उधना, डिंडोलीच्या पट्ट्यात खानदेशी माणूस शोधावा लागत नाही. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून भुसावळ-सुरत लाइनीनं आलेली माणसं सांच्यावर, म्हणजे यंत्रमागावर, आणि रंगाईच्या मिलांत राबली, इथलीच झाली. कोटाबद्दल विचारलं तर तो पट्टी कापता कापता म्हणाला, "कोट स्टुडिओवाल्याकडं तयारच असतो. लोक आणतात काय, तर मतदान कार्डावरचा फोटो. सदऱ्याला बटण नाही, केस विस्कटलेले. पोरं म्हणतात, जरा चांगलं करा."

तो पट्टीची टोकं पंचेचाळीस अंशांत कापतो, कोपरे जुळवतो, मागून पुठ्ठा ठोकतो. हिऱ्यांच्या या शहरात काच मात्र साध्या चाकाच्या कटरनं कापतो. हिऱ्याची कलम वडिलांची होती, म्हणाला, आता खणात आहे. दुपारी एका नव्या फ्लॅटमध्ये फोटोंची अख्खी भिंत लावायची होती. "चला की," म्हणाला.

भिंत सोफ्यामागची. घरच्या सूनबाईंनी साडीच्या खोक्यांचे पुठ्ठे फ्रेमच्या मापाचे कापून चिकटपट्टीनं भिंतीवर लावून ठेवले होते. हे काम त्यांनी फार नेटकं केलं होतं. मधोमध पेन्सिलीची आडवी रेघ. "सत्तावन्न इंच," त्या म्हणाल्या. व्हिडिओत बघितलं होतं: चित्राचा मध्य जमिनीपासून सत्तावन्न इंचांवर हवा, कलादालनांत तसंच असतं. खरं आहे ते. उभ्या माणसाची नजर साधारण तिथं पडते.

लग्नं, बारसं, सप्तशृंगीच्या पायऱ्या, सापुतारा, पहिली मोटारसायकल. रंगीत सगळं भरपूर होतं, जुनं फार थोडं. ही मंडळी आधी लिंबायतला तळमजल्याच्या खोलीत राहायची. जोराच्या पावसात मिठी खाडी फुगते तेव्हा तिकडं आणि इकडं पर्वत गावातही पाणी घरात येतं. अशाच एका पावसाळ्यात फोटोंची पेटी भिजली. वाचलेल्यांपैकी एक, घरच्या आजी-आजोबांचा जोडीचा फोटो, जुन्या फ्रेमच्या काचेला घट्ट चिकटला होता. मागचा पुठ्ठा निघाला तशी ओल, खळ आणि बुरशीचा वास खोलीभर झाला.

आजींचा मुलगा नखानं कोपरा उचलायला गेला, तर फ्रेमवाल्यानं त्याचा हात धरला. जुन्या कृष्णधवल कागदावर जिलेटिनचा थर असतो. ओल लागली की तो चिकट होतो आणि काचेला धरतो. ओढला तर चेहरा काचेवर राहतो, हाती पांढरा कागद. त्यानं काचेसकट फोटो खिडकीशी नेऊन कॅमेऱ्यानं टिपला. नव्या प्रतीला माउंट लावणार, म्हणजे काच आणि कागद यांच्यात फट राहील. ही फट पूर्वीच ठेवली असती तर, असं मला वाटत राहिलं. पण त्या काळी माउंटचे जादा पैसे कोण देणार होतं?

मग कागदात गुंडाळलेली मोठी फ्रेम निघाली. आजोबा एकटे. मूळ फोटो मिलच्या ओळखपत्रावरचा, साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटर. तो आठ बाय दहा इंचांवर नेला म्हणजे लांबी साडेपाच पटींहून जास्त. चेहरा धूसर होणारच. तो धूसरपणा स्टुडिओनं पुसला, गालाला गुलाबी रंग दिला आणि अंगात तो कोट चढवला.

आजींनी चष्मा लावला. "हाऊ कोन शे?"

मुलगा म्हणाला, "माय, बापू शे ना." आजींनी पुन्हा पाहिलं आणि टोपीची चौकशी केली. टोपीही बसवून मिळते, स्टुडिओवाल्याकडं दुसऱ्या कुणाची तरी असते, हे मुलानं उत्साहानं सांगितलं. माझं मत विचारलं नव्हतं, म्हणून गप्प बसलो. पण परक्याची टोपी घातलेला नवरा त्या बाईंच्या गळ्यात मारणं मला काही पटलं नाही.

तोडगा फ्रेमवाल्यानंच काढला. ओळखपत्रावरचा फोटो आहे त्याच मापाचा, मूळच्या टोपीसकट छापायचा आणि आठ बाय दहाच्या फ्रेममध्ये रुंद पांढऱ्या माउंटच्या मधोमध बसवायचा. "इतकासा?" मुलगा म्हणाला. खरंच इतकासाच. पण भोवती मोकळी जागा असली की नजर तिथंच जाते.

जागेवरून पुन्हा घोळ. गेलेल्यांचे फोटो जिवंतांच्या ओळीत नकोत, हे मुलाचं म्हणणं. शिवाय एक व्हिडिओ म्हणतो दक्षिण भिंतीवर, दुसरा म्हणतो उत्तरेच्या. दक्षिणेला गॅलरीचं दार होतं, त्यामुळे अर्धा वाद बिल्डरनं आधीच मिटवला होता. आजींनी हाराला नाही म्हटलं आणि ओळीतच लावायला सांगितलं.

"सत्तावन्न इंच," सूनबाईंनी आठवण करून दिली. फ्रेमवाल्यानं आजींना त्यांच्या रोजच्या जागी बसायला सांगितलं. त्या समोरच्या भिंतीशी, सतरंजीवर बसल्या. "आता सत्तावन्न कुणाचे?"

पूर्वी फोटो दारावर, पार आढ्याशी लावत आणि पुढं झुकवत, ते बसलेल्यांना दिसावेत म्हणूनच. झुकल्यानं काचेवरचा उजेडही टळतो. त्यानं दोरीच्या कड्या आजोबांच्या फ्रेमच्या मागे मधल्या उंचीच्या जवळ, खाली घेतल्या, तशी वरची कड पुढं आली. बाकी सगळं सत्तावन्नाच्या रेघेवर राहिलं. भिंत हलक्या ब्लॉकची. ड्रिलखाली भुगाच जास्त निघाला, म्हणून मोठी गिट्टी ठोकली.

हिशेब करताना मी विचारलं, आता कोटवाल्या फ्रेमचं काय? मुलगा तिला पुन्हा पुठ्ठ्यात बांधत होता. पुढच्या आठवड्यात अमळनेरला नेणार होता, गावच्या घरी लावायला. भाऊबंदांनी बघायला हवी ती. फ्रेमवाला पावती फाडत म्हणाला, "गावाला कोटच चालतो."