लुळा हात पुन्हा शिकतो कसा?

सुरतेच्या वराछा भागात घंटीवर, म्हणजे हिरे घासायच्या यंत्रावर, बसलेल्या रत्नकलाकाराचे हात एकदा पाहावेत. इवलासा हिरा फिरत्या चाकावर टेकवायचा, उचलायचा, भिंगातून निरखायचा, पुन्हा टेकवायचा. गोल ब्रिलियंट घाटाच्या हिऱ्याला ५७ किंवा ५८ पैलू असतात आणि प्रत्येकाचा कोन नेमका लागतो. हे कसब बोटांत आहे असं आपण म्हणतो, पण त्याचा मोठा साठा मेंदूत असतो.

म्हणून तर लकवा मारला की हाडं, सांधे, स्नायू शाबूत असूनही हात लुळा पडतो. लकव्यात मेंदूची मोठी रक्तवाहिनी बंद झाली तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात. त्या परत येत नाहीत. तरीही कित्येकांचा हात काही महिन्यांनी हलू लागतो, हे कसं घडतं?

१९९६ साली संशोधक रँडॉल्फ न्यूडो आणि सहकाऱ्यांनी माकडांच्या मेंदूत याचं उत्तर पाहिलं. हाताचं काम बघणारा थोडा भाग निकामी झाल्यावर त्यांनी माकडांकडून छोट्या खळग्यांतला खाऊ बोटांनी उचलण्याचा सराव करून घेतला. तेव्हा कोपर-खांद्याचं काम बघणाऱ्या शेजारच्या भागातही हाताचं काम सुरू झालं! सुरतेत तापीवरचा एक पूल बंद पडला की वाहनं दुसऱ्या पुलावरून वळतात, तसंच. मात्र मेंदूतला हा वळसा सरावाशिवाय सहसा नीट खुला होत नाही.

आणि सराव लागतो तो भरपूर. प्राण्यांवरच्या प्रयोगांत एका बैठकीत शेकडो वेळा तीच हालचाल करून घेतात. संशोधक कॅथरीन लँग यांनी अमेरिका आणि कॅनडातल्या लकव्याच्या पुनर्वसन केंद्रांत पाहणी केली, ती २००९ साली प्रसिद्ध झाली. तिथे रुग्णाचा हात एका बैठकीत कामाची हालचाल सरासरी ३२ वेळाच करत होता.

ही तूट भरायला व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी मदतीला येते. रुग्ण खुर्चीत बसतो, डोळ्यांवर हेडसेट चढतो. समोर टेबल दिसतं, टेबलावर पेला. हात जरासा पुढे सरकला की आभासी हातही सरकतो. काही यंत्रणांत तर खरा हात वीतभर गेला तरी आभासी हात त्याहून लांब पोचतो, म्हणजे उमेद टिकते. बोटं किती उघडली, मनगट किती वळलं याची नोंद होते. हात लांबवायचं सोडून रुग्ण अंगच पुढे झुकवतो का, हेही काही यंत्रणा टिपतात. जमू लागलं की खेळ थोडा अवघड होतो. खेळाच्या नादात हालचालींची संख्या वाढत जाते.

डोळ्यांनी पाहिलेल्या हालचालीचा मेंदूवर परिणाम होतो, हे तर साध्या आरशानेही दाखवून दिलं आहे. चेन्नईत वैद्यक शिकलेल्या व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९०च्या दशकात हात गमावलेल्यांसाठी आरशाची पेटी वापरली. आरशात चांगल्या हाताचं प्रतिबिंब दिसतं आणि दुसरा हातच हलतोय असं वाटतं. १९९९ साली हीच युक्ती लकव्याच्या रुग्णांवरही करून पाहिली गेली.

मग हेडसेट म्हणजे रामबाण उपाय का? अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०१७च्या कोक्रेन आढाव्यात ७२ चाचण्या आणि २,४७० रुग्ण होते. नेहमीच्या व्यायामाऐवजी आभासी खेळ दिला, तर हाताला जास्तीचा फायदा दिसला नाही. नेहमीच्या उपचारात त्याची भर घातली आणि सरावाचा वेळ वाढला, तेव्हा मात्र फरक दिसला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत तर १४१ रुग्णांपैकी काहींना व्हिडिओ गेम दिला आणि काहींना पत्ते, चेंडू असले खेळ दिले. दोन्ही गट सारखेच सुधारले.

मला यात मोठा दिलासा वाटतो. सुरतेतल्या उधना-लिंबायतच्या एखाद्या खानदेशी घरात हेडसेट नसेल, पण पत्त्यांचा कॅट असेल, सोलायला वाटाणे असतील, घड्या घालायला कपडे असतील. तुमच्या घरी लकव्याचा रुग्ण असेल तर फिजिओथेरपिस्टना दोन गोष्टी विचारा: कोणती हालचाल करायची आणि रोज किती वेळा? उत्तर कागदावर लिहून घ्या, भिंतीला चिकटवा आणि आजपासूनच मोजायला लागा.