एका लाल रेघेची पूर्वतयारी
हिवताप ओळखणारी पट्टी, तिचा पृष्ठभाग आणि रायगडची दमट हवा

श्रावणात मुरूड-श्रीवर्धनच्या पट्ट्यात कुणाला थंडी वाजून ताप आला, की आशाताईच्या पिशवीतून मलेरियाचं किट बाहेर येतं. चकचकीत पाकीट फाडल्यावर आधी आतली ओल शोषणारी पुडी पाहायची. तिच्या दाण्यांचा रंग बदललेला असेल, तर ती पट्टी वापरायची नाही. पुडी ठीक असेल, तर बोटाला सुई टोचून पाच मायक्रोलिटर रक्त, म्हणजे थेंबाचा जेमतेम दहावा हिस्सा, एका खाचेत सोडायचं. शेजारच्या खाचेत द्रावणाचे थेंब टाकायचे आणि घड्याळ लावून थांबायचं. पंधरा-वीस मिनिटांत एकच, नियंत्रण रेघ उमटली, तर चाचणी नीट झाली आणि हिवताप सापडला नाही. जोडीला दुसरी उमटली, तर हिवताप आहे. ती कोणत्या जागी उमटली यावरून फाल्सिपेरम की व्हायवॅक्स हे कळतं आणि औषधही त्यावरच ठरतं. हे दोन्ही परजीवी ओळखणारी पट्टी हिवतापाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात २०१३ साली आली. त्याआधी गावोगावी मुख्य भिस्त होती ती काचपट्टीवर. रक्त काचेवर पसरून प्रयोगशाळेत पाठवायचं आणि निकालाची वाट पाहायची. सूक्ष्मदर्शकाची तपासणी आजही मोलाची आहे, पण फाल्सिपेरमचा रुग्ण वाट पाहण्याच्या अवस्थेत असतोच असं नाही.

ही रेघ सोपी दिसते. ती विश्वासाची ठरते की नाही, हे मात्र डोळ्यांना न दिसणाऱ्या एका पृष्ठभागावर ठरतं. त्यावर काय चिकटलं, काय चिकटू दिलं नाही आणि चिकटलेलं किती काळ टिकलं, या तीन प्रश्नांवर सगळी मदार आहे.

गर्दीतून एक रेणू

निरोगी माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात सुमारे पन्नास लाख तांबड्या पेशी असतात. चांगल्या पट्टीने तेवढ्याच रक्तातले दोनशे परजीवी ओळखावेत, अशी अपेक्षा असते. म्हणजे पंचवीस हजार पेशींमागे एक. पट्टी परजीवी मोजत नाही. फाल्सिपेरम रक्तात सोडतो ते एचआरपी-२ नावाचं प्रथिन ती पकडते. व्हायवॅक्ससाठी परजीवीचंच एलडीएच हे विकर पकडलं जातं. रोगाच्या अशा खुणांना बायोमार्कर म्हणतात. अडचण अशी, की रक्तात इतर प्रथिनांची प्रचंड गर्दी असते; एकटं अल्ब्युमिनच लिटरमागे चाळीस ग्रॅमच्या आसपास.

या गर्दीतून नेमका रेणू ओळखण्याचं काम प्रतिपिंड करतात. रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस किरणोत्सर्गी खूण लावलेल्या इन्सुलिनच्या मदतीने रक्तातलं इन्सुलिन मोजण्याची पद्धत बसवली. त्या कामासाठी यॅलो यांना १९७७चं नोबेल मिळालं. बर्सन तेव्हा हयात नव्हते. पण प्रतिपिंडाला बांधला गेलेला रेणू आणि मोकळा राहिलेला रेणू वेगळे करणं जिकिरीचं होतं. १९६७ साली ऑस्ट्रेलियात केव्हिन कॅट आणि जेफ्री ट्रेगिअर यांनी प्रतिपिंड थेट प्लॅस्टिकच्या नळीच्या भिंतीवर चिकटवले. हवा तो रेणू भिंतीवर अडकला, बाकीचं धुऊन टाकता आलं. १९७१मध्ये प्रतिपिंडांवरच चालणारी एलायझा चाचणी आली, १९७५मध्ये एकाच साच्याचे प्रतिपिंड हवे तेवढे बनवण्याची रीत सापडली आणि १९८०च्या दशकाच्या अखेरीस गर्भचाचणीची पट्टी दुकानात मिळू लागली. हिवतापाची पट्टी याच घराण्यातली.

पट्टीच्या आत

पट्टीचा गाभा म्हणजे नायट्रोसेल्युलोजचा सच्छिद्र पांढरा पापुद्रा. त्याची छिद्रं काही मायक्रॉनची असतात आणि त्यांतून रक्त-द्रावण आपोआप पुढे ओढलं जातं. प्रथिनं या पापुद्र्याला घट्ट चिकटतात, म्हणून त्यावर प्रतिपिंडांची बारीक रेघ मारून ती वाळवतात. पण चिकटणं पुरेसं नाही. प्रतिपिंड इंग्रजी 'वाय' अक्षरासारखा असतो आणि पकडण्याच्या जागा त्याच्या दोन फांद्यांच्या टोकांना असतात. भाताच्या लावणीत रोपाचं मूळ चिखलात आणि पात वर लागते, शिवाय दोन चुडांत अंतर राखावं लागतं; इथेही तसंच आहे. प्रतिपिंड उलटा किंवा आडवा बसला, तर त्याची पकड वाया जाते. फार दाटीने बसवले, तर ते एकमेकांची वाट अडवतात. पृष्ठभागाचे अभियंते द्रावणाची आम्लता, क्षार आणि वाळवण्याचा वेग यांचा मेळ घालतात तो यासाठीच. काही ठिकाणी प्रतिपिंडाचा बुंधाच पृष्ठभागाकडे राहील, अशा रासायनिक दुव्यांनी त्याला बांधतात.

मग उरलेली मोकळी जागा बुजवावी लागते. ती तशीच राहिली, तर रक्तातलं कुठलंही प्रथिन तिथे बसेल आणि खोटी रेघ उमटेल. म्हणून दुधातलं केसिन किंवा गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन वापरून ती जागा आधीच भरतात. रंगासाठी साधारण चाळीस नॅनोमीटरचे सोन्याचे कण वापरतात. एवढ्या लहान आकाराचं सोनं पिवळं नाही, लाल दिसतं. त्या कणांवरही प्रतिपिंड बसवलेले असतात. परजीवीचं प्रथिन सोन्याचा कण आणि रेघ यांच्यामध्ये अडकतं, आणि असे असंख्य कण एका जागी साचले की रेघ डोळ्याला दिसते.

दमट हवेची कसोटी

आता हाच पापुद्रा कोकणात आणा. ओलाव्याने सोन्याच्या कणांवरचे प्रतिपिंड पकड गमावतात, कण एकमेकांना चिकटतात, पापुद्र्यातला प्रवाह बदलतो. वैशाखातल्या पत्र्याच्या खोलीतली उष्णताही प्रतिपिंडांचा आकार मोडते. वाईट म्हणजे नियंत्रण रेघ तेव्हाही उमटू शकते, कारण तिचे प्रतिपिंड वेगळे असतात. पट्टी 'नीट' दिसते आणि आजार निसटतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना आणि फाइंड या संस्थेने २००८पासून केलेल्या तुलनात्मक चाचण्यांत पट्ट्या ३५ आणि ४५ अंश सेल्सिअसला दोन महिने ठेवून पुन्हा तपासल्या जात. गोव्यातल्या वेर्णा औद्योगिक वसाहतीत ट्यूलिप समूहाची झेफिर बायोमेडिकल्स हिवतापाच्या पट्ट्या बनवते. म्हणजे हे तंत्र कोकणपट्टीला परकं नाही.

पट्टीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. एचआरपी-२ रक्तात बरेच दिवस रेंगाळतं, त्यामुळे बरा झालेला रुग्णही काही आठवडे पॉझिटिव्ह दिसू शकतो. काही परजीवींत या प्रथिनाचा जनुकच गळालेला असतो. हे २०१०मध्ये पेरूतून पुढे आलं आणि पुढे भारतातही असे परजीवी आढळले. त्यांच्यासमोर उत्तम पृष्ठभागही रिकामा राहतो. रेघ न उमटूनही ताप हटत नसेल, तर काचपट्टी करायलाच हवी, ती यासाठी.

लेप्टोसाठी काय?

रायगडच्या खाचरांत पावसाळ्याचा दुसरा ताप लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा. उंदरांच्या मूत्रातून जंतू पाण्यात येतात आणि अनवाणी पायांच्या भेगांतून शरीरात शिरतात. प्रचलित झटपट चाचण्या बहुतांशी शरीराने तयार केलेले प्रतिपिंड शोधतात, आणि ते दिसायला आठवड्याच्या आसपास काळ जातो. औषध मात्र पहिल्या दिवसांतच सर्वाधिक उपयोगी पडतं. उशीर झाला, तर मूत्रपिंड आणि यकृतावर बेतू शकतं. म्हणून थेट जंतूच्या खुणा पकडणारा पृष्ठभाग हवा. जंतूच्या बाह्य आवरणात विपुल असलेलं लिपएल-३२ हे प्रथिन त्यासाठीचं एक लक्ष्य आहे. जंतू आधी रक्तात आणि नंतर मूत्रात सापडतात, त्यामुळे पृष्ठभाग दोन्हींत टिकला पाहिजे.

त्यासाठीचं कसब जवळच आहे. मुंबईच्या आयआयटीत व्ही. रामगोपाल राव यांच्या गटाने हृदयविकाराच्या खुणा पकडण्यासाठी पॉलिमरच्या सूक्ष्म तरफा विकसित करण्याचं काम केलं. एका टोकाला बांधलेल्या त्या तरफेवर प्रतिपिंड असतात. रेणू चिकटला की ती किंचित वाकते आणि विद्युतरोध बदलतो. हे कौशल्य कोकणच्या तापांकडे वळवायचं, तर जिल्ह्यातल्या रुग्णालयांतले नमुने रीतसर संमतीने जपून ठेवणारी पेढी हवी आणि संशोधकांना ते मिळण्याची सोय हवी. आणि पट्टी वातानुकूलित प्रयोगशाळेत उत्तीर्ण झाली, एवढ्यावर समाधान मानू नये. ऑगस्टमधल्या म्हसळ्याच्या उपकेंद्रात महिनाभर पडून राहिल्यावरही ती खरं बोलली पाहिजे, आणि ही अट खरेदीच्या निविदेतच लिहिली गेली पाहिजे.