पुढच्या ठाण्यावरचा ताजा घोडा

माझी सगळी नोकरी रात्रीच्या गाडीच्या टपाल डब्यात झाली. मिरज सुटलं की लाकडी खणांपुढे उभं राहायचं, पत्ता वाचायचा, पाकीट खणात सारायचं. कराड, सातारा, वाठार, लोणंद. गाडी थांबेल तेवढ्या दोन-चार मिनिटांत लाखेचं सील मारलेल्या थैल्या खाली द्यायच्या, खालच्या वर घ्यायच्या, सील तपासून सही करायची. थैली किती वाजता हातात आली, किती वाजता हातातून गेली, हे लिहिल्याशिवाय पुढचं काम नाही. निवृत्तीनंतर मार्को पोलोचं प्रवासवर्णन वाचलं, तर त्यात हेच! मंगोल सम्राट कुबलाईखानाच्या राज्यात टपालाच्या ठाण्यावरचा कारकून जासुदाच्या येण्याजाण्याची वेळ टिपून ठेवायचा. मंगोल म्हणजे कवट्यांच्या राशी, एवढं शाळेतलं चित्र त्या दिवसापासून मला पुरेना.

कत्तली खोट्या नव्हत्या. १२२१ मध्ये मर्व्ह आणि निशापूर ही भरली शहरं उजाड झाली, १२५८ मध्ये बगदाद. त्यावर मला पांघरूण घालायचं नाही. पण मारून मुलूख घेता येतो, राखता येत नाही. चीनच्या किनाऱ्यापासून काळ्या समुद्रापर्यंतचं राज्य राखायचं तर निरोप वेळेवर पोहोचावा लागतो.

या साऱ्याची सुरुवात घोडेचोरीपासून सांगावीशी वाटते. पुढे चंगीझखान झालेल्या तेमुजिनच्या बापावर विषप्रयोग झाला, भाऊबंदांनी त्याच्या आईला पोरांसकट माळावर टाकून दिलं. घरचे घोडे नऊ, त्यातले आठ चोरांनी नेले. उरलेल्या एकावर बसून तेमुजिन माग काढत निघाला. वाटेत एक पोरगा घोडीचं दूध काढत होता. बोओर्चू त्याचं नाव. त्यानं हकिकत ऐकली, दुधाचं चामडी भांडं गवतातच ठेवलं आणि घरी सांगायलाही न जाता तो बरोबर निघाला. घोडे मिळाले. तेमुजिन त्याला वाटा देऊ लागला, तर त्यानं घेतला नाही. मंगोलांचा सर्वांत जुना ग्रंथ, ‘मंगोलांचा गुप्त इतिहास’, यात ही गोष्ट आहे. अशा सोबत्याला मंगोल ‘नोकोर’ म्हणत. तोच शब्द फारसीतून आपल्याकडे ‘नोकर’ होऊन आला. जन्मभर मी ‘नोकरी’ म्हणत राहिलो, आणि त्याच्या मुळाशी गवतात ठेवलेलं ते दुधाचं भांडं होतं!

पुढे १२०४ मध्ये नायमान टोळीचा पाडाव झाला, तेव्हा ताता-तुंगा नावाचा शिक्केदार राजमुद्रेसह पकडला गेला. मुद्रा कशाला लागते, असं तेमुजिननं त्याला विचारलं. धान्य भरायचं, माणूस नेमायचा, तर हुकमाला खूण हवी, असं तो म्हणाला. तेमुजिनला लिहिता-वाचता येत नव्हतं, तरी त्यानं ही गोष्ट लगेच उचलली आणि आपल्या मुलांना उईगूर लिपी शिकवायला त्याच माणसाला बसवलं. जन्मभर सील तपासलेल्या माणसाला हा प्रसंग लढाईहून मोठा वाटतो.

१२०६ मध्ये ओनोन नदीकाठच्या सभेत तेमुजिन चंगीझखान झाला. दहा, शंभर, हजार अशा तुकड्या त्यानं बांधल्या आणि पुष्कळशा जुन्या टोळ्या फोडून त्यांत मिसळल्या, म्हणजे निष्ठा भावकीपेक्षा तुकडीशी राहील. १२१५ मध्ये आजच्या बीजिंगच्या जागी असलेलं चुंगदू पडलं, १२२० मध्ये बुखारा आणि समरकंद. १२२७ मध्ये तो वारला. पोरा-नातवंडांनी राज्य कीव्हपर्यंत आणि स्वाऱ्या हंगेरीपर्यंत नेल्या.

टपालाची घडी बसवली ती त्याच्या मुलानं, ओगदेईनं. आधी वाटेवरच्या लोकांकडून मिळेल तो घोडा, मिळेल ते जेवण घेत दूत जायचे आणि लोक हैराण व्हायचे. ओगदेईनं ठरावीक अंतरावर ठाणी नेमली, घोडे राखणारी माणसं नेमली. ‘गुप्त इतिहासा’त तो आपल्या चार चांगल्या कामांत हे मोजतो, आणि चार चुकाही सांगतो. त्यात दारू पहिली. या ठाण्याला ‘जाम’ किंवा ‘याम’ म्हणत. दूताकडे पाइझा असायची, म्हणजे लाकडाची, चांदीची किंवा सोन्याची पट्टी. ती दाखवली की ताजा घोडा आणि जेवण मिळे.

या वाटेनं खुद्द पोपचा दूत कार्पिनी गेला. तो साठी ओलांडलेला, अंगानं जड. ८ एप्रिल १२४६ ला तो चंगीझखानाचा नातू बातूखान याच्या व्होल्गाकाठच्या छावणीतून निघाला आणि २२ जुलैला मंगोलियात पोहोचला. अंतर पाच हजार किलोमीटरच्या आसपास. रपेट सोसावी म्हणून अंगाला पट्ट्या गुंडाळलेल्या, पोटाला मीठ-पाण्यात शिजवलेली भरड, प्यायला वितळवलेला बर्फ. दिवसातून कितीदा तरी घोडा बदलायचा. ओगदेईचा मुलगा गुयुकखान यानं पोपला दिलेलं फारसीतलं उत्तर, मंगोल शिक्क्यासह, आजही व्हॅटिकनच्या दप्तरात आहे. स्वतः येऊन शरण या, असा त्याचा मथितार्थ.

पण माझं मन घोडेस्वारापेक्षा ठाण्यावरच्या माणसाकडे जातं. वाठारला ऐन रात्री कंदील घेऊन थैलीसाठी उभा असणारा माणूस मला आठवतो. मंगोल ठाण्याचा भार आसपासच्या घरांवर होता: घोडे त्यांचे, मेंढरं त्यांची, दूध त्यांचं. बडे लोक आणि व्यापारी पाइझा मिरवत फुकट घोडे उपटायचे. १२५१ मध्ये गादीवर आलेल्या मोंगकेनं व्यापाऱ्यांना टपालाचे घोडे बंद केले. तरी इराणमधला इतिहासकार रशीदुद्दीन अर्ध्या शतकानंतरही दूतांच्या जाचाबद्दल लिहितो, आणि तो जाच थांबवायला तिथल्या मंगोल राजाला, गाझानखानाला, नवे नियम करावे लागले. राज्य चाललं ते या घरांच्या जिवावर, असं मला ठामपणे वाटतं.

राज्य चौदाव्या शतकात मोडलं, ठाण्याचा शब्द राहिला. चिनी भाषेत स्टेशनला ‘झान’ म्हणतात, तो हाच ‘जाम’. रशियात घोडागाडी हाकणारा ‘यामश्चिक’ झाला. आपल्या तोफखान्याचा ‘दरोगा’ मूळचा मंगोल अंमलदार, आणि आपला ‘बहाद्दर’ उलानबातरमधल्या ‘बातर’चाच भाऊ.

हिंदुस्थानात मंगोलांचं राज्य झालं नाही, पण १३३३ मध्ये सिंधूकाठी उतरलेल्या प्रवासी इब्न बतूतानं महंमद तुघलकाच्या घोडटपालाचं नाव ‘उलाक’ असं लिहून ठेवलंय. मंगोल ठाण्यांवरच्या घोड्याचं नावही हेच. सिंधहून दिल्लीची वाट पन्नास दिवसांची, टपाल पाच दिवसांत जायचं. पायी जासुदाच्या काठीला घुंगरं असत. ती ऐकली की पुढचा जासूद उठून तयार होई. सुलतान दौलताबादला असला की त्याच्यासाठी गंगेचं पाणी चाळीस दिवसांच्या वाटेवरून येई, असंही तो सांगतो.

मागच्या हिवाळ्यात दौलताबादच्या महादरवाज्याशी थोडा वेळ बसलो होतो. वर चढायची ताकद गुडघ्यांत नव्हती. समोर उत्तरेचा रस्ता होता. त्या रस्त्यावरून पाणी घेऊन आलेल्या माणसानं ते कुणाच्या हाती दिलं असेल, आणि किती वाजता, हे कुणी वहीत टिपलं असेल का, एवढंच डोक्यात येत राहिलं.