सामाईक वीज, सामाईक पाणी : घरमालक-भाडेकरू तंट्याचे एक कारण

लोणावळा, वलवण आणि शिरवटा या तलावांच्या पाण्यावर खोपोलीचे जलविद्युतगृह १९१५ साली सुरू झाले आणि मावळच्या पावसाने मुंबईच्या गिरण्या चालू लागल्या. त्याच मावळात जिन्यातील एका दिव्याच्या बिलावरून घरमालक व भाडेकरू यांच्यात अबोला धरला जावा, हे थोडे चमत्कारिक खरे. तळेगावची औद्योगिक वसाहत व पुणे-लोणावळा लोकल यांमुळे तळेगाव, वडगाव, कामशेत, लोणावळा येथे भाड्याने राहणारे पुष्कळ. बदलीवर आलेले शिक्षक व कर्मचारीही त्यांत आले. भाडे किती, यावर सहसा वाद नसतो. वाद उद्भवतो तो भाड्यासोबत येणाऱ्या ‘इतर आकारां’वरून.

एका मीटरवर तीन बिऱ्हाडे आहेत, असे समजू. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात. पहिली १०० युनिट स्वस्त, १०१ ते ३०० युनिटचा दर त्याहून बराच अधिक, पुढे आणखी चढा. प्रत्येक बिऱ्हाडाने महिन्यास ९० युनिट वापरली, तर स्वतंत्र मीटरवर तिघेही पहिल्याच टप्प्यात राहतील. सामाईक मीटरवर मात्र २७० युनिटची नोंद होते व त्यांपैकी १७० युनिटना दुसऱ्या टप्प्याचा दर लागतो. स्थिर आकार एकदाच पडतो, एवढीच काय ती बचत. मालकाने पदरी एक पैसाही ठेवला नाही तरी भाडेकरूस आपण नाडले गेलो असे वाटते, आणि मालकास आपल्यावर उगाच आळ आला असे. वीज अधिनियम, २००३ च्या कलम ४३ अन्वये जागेचा मालकच नव्हे, तर भोगवटादारही वीजपुरवठ्यासाठी अर्ज करू शकतो, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते.

सहकारी गृहनिर्माण संस्थांत प्रश्न निराळा असतो. आदर्श उपविधींनुसार पाण्याचा आकार सदनिकेतील नळजोडांची संख्या व आकारमान यांवर ठरतो, माणसांच्या संख्येवर नव्हे. सेवाशुल्क सर्व सदनिकांवर सारखे वाटले जाते. लोणावळ्यात वर्षातून चार दिवस उघडणाऱ्या सदनिकेच्या मालकालाही म्हणूनच आपला वाटा द्यावा लागतो. संस्था मागणी करते ती सदस्याकडे, म्हणजे मालकाकडे. मालक ती ‘मेंटेनन्स’ या एका शब्दाखाली भाडेकरूकडे सरकवतो. त्या शब्दात सिंकिंग फंड व दुरुस्ती निधीही असू शकतो. हे निधी इमारतीच्या दीर्घकालीन जपणुकीसाठी, पर्यायाने मालकाच्या मालमत्तेसाठी असतात. ते भाडेकरूने भरावयाचे असतील तर करारात तसे स्पष्ट लिहिलेले असावे, हेच न्याय्य दिसते. बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक असू नये, असे शासनाने २००१ साली ठरवून दिले आहे.

वाद चिघळतो तो पुरवठा तोडला की. ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २९ अन्वये घरमालकास वाजवी कारणाशिवाय भाडेकरूचा अत्यावश्यक पुरवठा बंद करता येत नाही. पाणी व वीज तर त्यात आहेतच. जिन्यातील व बोळातील दिवेही आहेत. भाडेकरू न्यायालयाकडे पुरवठा पूर्ववत करण्याची मागणी करू शकतो. बिल थकले तर खुद्द वीज कंपनीलाही पुरवठा तोडण्यापूर्वी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, मग मालकाने परस्पर फ्यूज काढून नेणे कसे खपावे?

येथे एक सावधगिरी हवी. हा अधिनियम त्याच्या अनुसूचींतील क्षेत्रांना लागू होतो. पंचायत सदस्यांनी ते पाहूनच सल्ला द्यावा. शिवाय आजचे बहुतेक करार ‘लीव्ह अँड लायसन्स’चे असतात. असा परवानाधारक या अधिनियमाच्या अर्थाने भाडेकरू ठरत नाही, म्हणून त्याचा मुख्य आधार करारपत्रच. कलम ५५ नुसार ते लेखी व नोंदणीकृत असले पाहिजे आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. सामाईक मीटरचे बिल माणशी वाटावयाचे की बिऱ्हाडागणिक, जिन्यातील दिवा व पंप कोणाच्या हिशेबी, हे त्यातच लिहिता येते.

ताबा घेण्याच्या दिवशी मीटरचा आकडा दोघांनी मिळून पाहावा व करारपत्रास जोडून त्यावर सह्या कराव्यात. जागा सोडताना पुन्हा पाहावा. अनामत रकमेतून कापलेल्या बिलांचे कित्येक तंटे हे दोन आकडे हाती नसल्यामुळेच उभे राहतात.